पंचविसावी चाल : कार्लसन विरुद्ध अर्न्स्ट, २००४

मागच्या वेळी आपण डावाच्या शेवटाबद्दल बोललो होतो, हत्ती आणि प्यादी एवढंच पटावर उरलं की काय करायचं त्याबद्दल. तेव्हा मागे बसलेल्या दोन-तीन मुलांनी सांगितलं की, सर, हे फार कोरडं आहे, एखादा मारामारीचा डाव घ्या. म्हणून आज मारामारीचा डाव घेतलाय. एकच डाव, एकोणतीस चालींचा. ज्यांनी पट आणलाय त्यांनी तो मांडून ठेवा. घरून ऐकणाऱ्यांनीही शक्य असेल तर मांडा, कारण आज मी घरांची नावं घेणार आहे. उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, पांढरा खालून.

डाव जानेवारी २००४ मधला आहे. ठिकाण नेदरलँड्समधलं समुद्राकाठचं छोटं गाव, विक आन झी. तिथे दर जानेवारीत मोठी स्पर्धा भरते. मुख्य गटात जगातले पहिल्या फळीचे खेळाडू असतात. त्या वर्षी तो गट आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकला. त्याच सभागृहात खालच्या, म्हणजे ‘सी’ गटात नॉर्वेचा एक तेरा वर्षांचा मुलगा खेळत होता, मॅग्नस कार्लसन. पुढे २०१३ मध्ये चेन्नईला ह्याच मुलाने आनंदकडून विश्वविजेतेपद घेतलं, ते तुम्हाला माहीत आहेच. समोर होता सिप्के अर्न्स्ट, डच खेळाडू, पंचविशीच्या आसपासचा, पुढे ग्रँडमास्टर झालेला. म्हणजे दोघंही तरुण, पण एक तरुण आणि एक अजून मूलच.

स्पर्धेची ही शेवटून दुसरी फेरी. कार्लसनने तो गट १३ पैकी १०.५ गुणांनी जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा पहिला नॉर्म मिळवला. प्रेक्षकांनी फेरीतला उत्तम डाव म्हणून ह्या डावाला बक्षीस दिलं, आणि तेही वरच्या गटांतले डाव समोर असताना. लुबोमिर कावालेक ह्या ग्रँडमास्टरने वॉशिंग्टन पोस्टमधल्या आपल्या सदरात त्याला बुद्धिबळातला मोझार्ट म्हटलं. ते विशेषण चिकटलं ते आजवर.

आता माझा आजचा मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाद घालायला पुरेसा वेळ मिळेल. ह्या डावाचं कौतुक त्यातल्या बलिदानांसाठी होतं. घोडा दिला, उंट दिला, हत्ती दिला आणि मात केली. मला वाटतं की आपण चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवतो. ह्या डावाची खरी चाल पंचविसावी आहे. ती बलिदान नाही, तिच्यात शह नाही, काही मारलेलंही नाही. एक हत्ती दोन घरं पुढे सरकतो, एवढंच. ही चाल ज्याला कळली त्याला हल्ला म्हणजे काय ते कळलं. आणि ती कळेपर्यंत बाकीची बलिदानं म्हणजे दिवाळीचे फटाके.

चला, सुरुवात भरभर करू. कॅरो-कान बचाव आहे. पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं ई४ वर नेलं, काळा सी६. मग डी४, डी५. पांढरा घोडा सी३, काळ्याने ई४ मारलं, घोड्याने परत मारलं. काळा उंट एफ५ वर येऊन घोड्याला छेडतो, घोडा जी३ वर जाऊन उंटाला छेडतो, उंट जी६ वर मागे. आणि सहाव्या चालीला पांढरा एच४.

हे प्यादं लक्षात ठेवा. एच पट्टीवरचं, अगदी कडेचं. आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही असं. धमकी सरळ आहे : एच५ करून उंट कोंडायचा. काळ्याने एच६ करून उंटाला पळायला जागा केली, पांढरा घोडा एफ३, काळा घोडा डी७, आणि आठव्या चालीला प्यादं एच५ वर. उंट एच७ वर गेला, उंटांची डी३ वर अदलाबदल झाली. हे सगळं पुस्तकी आहे, हजारो लोक असंच खेळलेत. पण एच५ वर गेलेलं प्यादं आता काळ्याच्या जी६ ह्या घरावर डोळा ठेवून बसलंय. ते तिथे बारा चाली बसणार आहे.

पुढे पांढऱ्याने उंट एफ४ वर काढला आणि वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. काळ्याने उंट ई७ वर आणला, तेराव्या चालीला वजीर ए५ वर नेला, आणि चौदाव्या चालीला राजाच्या बाजूला किल्लेकोट केला. राजे विरुद्ध बाजूंना गेले की डावाला धार येते. आता दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जाऊ शकतात, कारण आपल्या राजासमोरची प्यादी हलवायची भीती नाही. काळ्याने किल्लेकोट करायच्या आधी कार्लसनने राजा सी१ वरून बी१ वर एक पाऊल सरकवला. ए२ चं प्यादं राखलं, राजा मोकळ्या तिरप्या रेषेतून बाजूला झाला. धावून जायच्या आधी दाराला कडी लावून घ्यावी, तशी चाल.

मग घोड्यांची एक जोडी एफ६ वर गेली, पांढऱ्याचा उरलेला घोडा ई५ वर बसला, काळ्याने हत्ती डी८ वर आणला. सतराव्या चालीला पांढरा वजीर डी३ वरून ई२ वर. आणि काळा सी५.

इथे थांबू या. जे पट मांडून बसलेत त्यांनी तपासून घ्या. पांढरा : राजा बी१, वजीर ई२, हत्ती डी१ आणि एच१, उंट एफ४, घोडा ई५, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२, एच५. काळा : राजा जी८, वजीर ए५, हत्ती डी८ आणि एफ८, उंट ई७, घोडा एफ६, प्यादी ए७, बी७, सी५, ई६, एफ७, जी७, एच६.

सी५ ही चाल वाईट दिसते का? अजिबात नाही. कुठलाही शिकलेला खेळाडू ती खेळेल. मध्यातलं पांढरं प्यादं हलवायचं, डी पट्टी उघडायची, वजीर आणि हत्ती कामाला लावायचे. पण बघा, काळा वजीर ए५ वर आहे. सी प्यादं सी६ वर असताना वजिराला पाचवी आडवी ओळ मोकळी होती. प्यादं सी५ वर आलं आणि वजिराचा रस्ता त्याच्याच माणसाने अडवला. ह्या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ. आत्ता फक्त मनात एक खूण करून ठेवा.

अठरावी चाल. घोडा ई५ वरून जी६.

सभागृहात अशी चाल झाली की लोक खुर्चीतून थोडे पुढे सरकतात. घोडा प्याद्याच्या तोंडात दिलाय. तो एकाच वेळी एफ८ च्या हत्तीवर आणि ई७ च्या उंटावर चढलाय, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि मारला, एफ प्याद्याने, तर काय होतं? एक, ई६ च्या प्याद्याचा आधार जातो, कारण तो एफ७ वरचं प्यादं देत होतं. दोन, घोडा ई पट्टीवरून बाजूला झाल्यामुळे मागे उभा असलेला वजीर ई२ वरून थेट ई६ वर पाहू लागतो. सतराव्या चालीला वजीर ई२ वर का गेला ते आता कळलं. तीन, एच५ चं प्यादं जी६ वर मारू शकतं, आणि मग एच पट्टी हत्तीसाठी उघडते. एका घोड्याच्या किमतीत तीन दारं.

आता ऐका. ही चाल कार्लसनचा शोध नव्हे. आधीच्या वर्षी, २००३ मध्ये, माद्रिदला अल्माग्रो यानास आणि गुस्ताफसन ह्यांच्या डावात हाच घोडा ह्याच घरी पडला होता. तो डाव सततच्या शहाने बरोबरीत सुटला. कार्लसनला तो डाव ठाऊक होता असं धरा किंवा नव्हता असं धरा, माझा मुद्दा बदलत नाही. तेच बलिदान दोन पटांवर झालं. एकावर अर्धा गुण मिळाला, दुसऱ्यावर पूर्ण. म्हणजे फरक बलिदानात नाही. फरक नंतर आहे.

अर्न्स्टबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. त्याने घोडा मारला, आणि ती चूक होती. हत्ती एफ८ वरून ई८ वर सरकवून उंट राखला असता तर पांढऱ्याने घोड्याने उंट मारला असता, हत्तीने घोडा मारला असता, पांढऱ्याचं पारडं थोडं जड राहिलं असतं, पण काळ्याचा राजा शाबूत राहिला असता. म्हणून मी ह्या डावाला निर्दोष डाव म्हणत नाही. हल्ला पहिल्या प्रतीचा आहे, पण त्याला समोरून दार उघडून दिलेलं आहे. टीकाकाराने हे लपवू नये. मोझार्टचं नाव घेतलं की लपवलं जातं.

एकोणिसावी चाल : वजीर ई६ मारतो, शह. राजा एच८ वर.

आता इथे माझ्या मते डावातली दुसऱ्या क्रमांकाची चाल आहे. ई७ चा काळा उंट बिनआधार पडलाय. वजिराने तो मारला की घोड्याची किंमत वसूल, वर एक प्यादं फायद्यात. तेरा वर्षांच्या मुलाने काय करावं? माझ्या वर्गातल्या दहापैकी नऊ मुलांचा हात उंटाकडे जातो. मोठ्यांचाही जातो. उधारी वसूल करायची घाई असते ना आपल्याला. कार्लसनने उंटाला हात लावला नाही. विसाव्या चालीला त्याने एच प्याद्याने जी६ मारलं. बारा चाली बसलेलं प्यादं उठलं, एच पट्टी उघडली, आणि आता उंटावर मारा आहे तो आहेच, शिवाय एच६ वरही.

अर्न्स्टने चांगलं उत्तर दिलं : घोडा एफ६ वरून जी८. मागे, घरात. पण तिथून तो घोडा ई७ राखतो आणि एच६ पण राखतो. दोन्ही दारांवर एकच पहारेकरी. आणि एका पहारेकऱ्यावर दोन दारं सोपवली की काय करायचं हे चोराला कळतं. एका दारावर इतका गोंगाट करायचा की त्याला तिकडे जावंच लागेल.

एकविसावी : उंट एच६ मारतो. काळा जी प्याद्याने उंट मारतो. बाविसावी : हत्ती एच६ मारतो, शह. राजा जी७ वर गेला तर हत्ती एच७ वर, आणि तिथेच मात, कारण हत्तीला जी६ च्या प्याद्याचा आधार आहे आणि बाकीची घरं वजीर सांभाळतो. म्हणून घोड्याला हत्ती मारावा लागतो. पहारेकरी एच६ वर गेला. तेविसावी : वजीर ई७ चा उंट मारतो, आणि पुढच्या चालीला एच७ वर मात करायची धमकी.

टाळ्या इथे पडतात. पण जरा हिशेब करा. पांढऱ्याने घोडा, उंट आणि हत्ती दिलाय. मिळवलाय एक उंट आणि चार प्यादी. म्हणजे एक हत्ती आणि एक घोडा कमी आहे. काळा घोडा एफ७ वर आणून मात अडवतो. चोविसावी चाल : तेच प्यादं जी६ वरून एफ७ वर घोडा मारतं. राजा जी७ वर.

पुन्हा थांबू या. आजच्या व्याख्यानातलं हे चित्र घरी घेऊन जा. पांढरा : राजा बी१, वजीर ई७, हत्ती डी१, प्यादी ए२, बी२, सी२, डी४, एफ२, जी२ आणि एफ७. काळा : राजा जी७, वजीर ए५, हत्ती डी८ आणि एफ८, प्यादी ए७, बी७, सी५. पांढऱ्याची चाल. पांढरा अख्ख्या हत्तीने मागे आहे, आणि काळा एफ७ चं प्यादं हत्तीने मारून वजिरावर चढायच्या बेतात आहे.

इथे मी माझीच एक गोष्ट सांगतो. शाळेत असताना एका जिल्हा स्पर्धेत माझी अशीच स्थिती आली होती. एवढी सुंदर नव्हती, पण समोरचा राजा उघडा होता आणि माझा वजीर त्याच्या अंगणात होता. मी शह दिला. मग परत शह. परत शह. सगळी मुलं भोवती जमली, मला फार छान वाटत होतं. सात-आठ शहांनंतर राजा दुसऱ्या बाजूला जाऊन सुरक्षित बसला, आणि मी दिलेले मोहरे काही परत आले नाहीत. हरलो. रडवेला होऊन सरांकडे गेलो, डाव दाखवला. त्यांनी बलिदान चूक होतं का बरोबर ह्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, “एवढं सगळं चाललं होतं तेव्हा तुझा हा हत्ती काय करत होता?” बघतो तर हत्ती ए१ वर. डाव सुरू झाला तेव्हा होता तिथेच.

तो प्रश्न मी विसरलो नाही. आता वरच्या चित्रात तोच प्रश्न विचारा. पांढऱ्याचा डी१ चा हत्ती काय करतोय? बाराव्या चालीला किल्लेकोट करताना तो तिथे आला. तेव्हापासून पटावर एवढी कापाकापी झाली, तो हललेला नाही.

शह देता येतो का? येतो. वजीर ई५ वर गेला की शह. राजा एफ७ चं प्यादं खातो. वजीर एफ५, शह, राजा जी७. वजीर जी५, शह, राजा एफ७. वजीर एफ५, शह. असं आयुष्यभर चालू शकतं. अर्धा गुण खिशात, आणि एक हत्ती कमी असताना तेरा वर्षांच्या मुलाने अर्धा गुण घेतला असता तर कोणी नावं ठेवली नसती. हात आपोआप शहाकडे जातो, कारण शह दिला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि आपल्याला एक चाल तरी भीती नसते. शह देत राहणं ही पुष्कळदा आपलीच घबराट असते.

कार्लसनची पंचविसावी चाल : हत्ती डी१ वरून डी३.

शह नाही. समोरच्याला एक पूर्ण चाल मोकळी दिली. म्हणाला, घे, काय करायचं ते कर. धमकी एवढीच की पुढच्या चालीला हत्ती जी३ वर येईल. अख्खा हत्ती कमी असताना एक चाल फुकट द्यायची, ह्याला धाडस लागतं असं आपण म्हणतो. मला वाटतं त्याहून जास्त हिशेब लागतो. बघा काय काय पाहावं लागतं.

पहिलं, हत्तीने पहिली ओळ सोडली. राजा बी१ वर आहे. काळा वजीर ए५ वरून तिरपा थेट ई१ वर येऊन शह देऊ शकतो. डी१ वर हत्ती असताना ते शक्य नव्हतं. घाबरायचं कारण आहे का? नाही, कारण पांढरा वजीर ई७ वर आहे, ई पट्टी खालपर्यंत मोकळी आहे, तो सरळ ई१ वर उतरून काळा वजीर खातो. म्हणजे ई७ चा वजीर समोरच्या राजाला छळता छळता मागे आपलं घरही राखतोय. पंचवीस चालींच्या धुमश्चक्रीनंतर हे दिसणं सोपं नाही.

दुसरं, काळ्याने हत्तीने एफ७ चं प्यादं मारलं तर? आता वजिरावर मारा आहे. पण हत्ती जी३ वर शह देतो, वजिराला हात लावायला काळ्याला सवड नाही. राजा एच८ वर जातो, वजीर ई५ वर शह, राजा एच७ वर, वजीर एच५ वर, मात. मधे हत्ती आडवा घातला तरी एखादी चाल लांबते, इतकंच. जी पट्टी पूर्ण हत्तीच्या ताब्यात गेल्यावर राजाला पळायला घरच उरत नाही.

अर्न्स्टने त्यातल्या त्यात बरा बचाव शोधला : हत्ती डी८ वरून डी६, म्हणजे जी६ वर आडवा यायला. सव्विसावी : हत्ती जी३, शह. काळा हत्ती जी६. सत्ताविसावी : वजीर ई५, शह. राजा एफ७ चं प्यादं मारतो. अठ्ठाविसावी : वजीर एफ५, शह. काळा हत्ती एफ६. एकोणतिसावी : वजीर डी७. मात.

शेवटचं चित्र बघा. काळ्या राजाला जी पट्टीवरची तिन्ही घरं बंद आहेत, कारण जी३ वर हत्ती आहे. एफ६ आणि एफ८ वर त्याचेच दोन हत्ती वाट अडवून उभे. ई पट्टीवर वजिराची नजर. काळ्याकडे अजूनही एक वजीर आणि दोन हत्ती आहेत, पांढऱ्याकडे एक वजीर आणि एकच हत्ती. आणि काळा वजीर कुठे आहे? ए५ वर. तेराव्या चालीला गेला होता तिथेच. मात होईपर्यंत तो हलला नाही. शेवटचे दोन शह कुठून बसले? ई५ आणि एफ५. म्हणजे पाचव्याच ओळीवरून, जिथे काळा वजीर उभा होता. मधे होतं त्याचंच सी५ चं प्यादं. मघाशी खूण करून ठेवायला सांगितलं होतं, ती ही. सी५ मुळे डाव गेला असं मी म्हणणार नाही, तो अठराव्या चालीच्या चुकीने गेला. पण सतराव्या चालीला जे रास्त वाटलं त्याची किंमत अठ्ठाविसाव्या चालीला कळली, हे खरं.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की डावाचा अर्थ उघडा पडतो. पांढऱ्याचं कडेचं प्यादं एच४, एच५, जी६, एफ७ असं चार पावलं चाललं आणि घोडा घेऊन मेलं. पांढऱ्याचा घरी बसलेला हत्ती नेमक्या चालीला उठला. काळ्याचा वजीर, पटावरचा सगळ्यात बलवान मोहरा, पंधरा चाली प्रेक्षक होता. मला हा डाव बलिदानांचा वाटत नाही, हजेरीचा वाटतो. कामाच्या वेळी कोण हजर होतं, त्याचा.

मोझार्ट म्हणण्याला माझा आक्षेप एवढ्याचसाठी. त्या शब्दाने असं वाटतं की मुलाला काहीतरी वरून सुचलं. मग आपल्याकडचे आईबाप आठ वर्षांच्या पोराला घेऊन येतात आणि विचारतात, ह्याला सुचतं का हो? बलिदान सुचतं बऱ्याच जणांना. आधीच्या वर्षी माद्रिदलाही सुचलंच होतं. शह द्यायचा मोह आवरून राखीव हत्ती बाहेर काढणं, आणि त्याआधी ई१ चं घर तपासणं, हे शिकवता येतं. आणि शिकवता येतं म्हणून ते कमी मोलाचं, असं समजायचं काही कारण नाही.

माझं बोलणं इथे संपवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(प्रश्न : आता संगणक ही हत्तीची चाल क्षणात दाखवतो. मग तिचं एवढं कौतुक कशाला?)

बरोबर आहे, दाखवतो. पण संगणकाला शहाचा मोह होत नाही, म्हणून त्याने मोह आवरला असंही म्हणता येत नाही. आपण त्या खुर्चीतल्या माणसाबद्दल बोलतोय. संगणक एवढंच सांगेल की चाल बरोबर होती. ती अवघड का होती हे आपणच सांगायचं. मी मुलांना सांगतो, आधी स्वतः अर्धा तास बघा, मग यंत्र लावा. उलट केलं तर चाल पाठ होते, प्रश्न पाठ होत नाही.

(प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. दिव्या देशमुखचे डाव बघते आणि प्रत्येक डावात काहीतरी बलिदान करते. बऱ्याचदा हरते. थांबवू का तिला?)

नका थांबवू, ताई. दहाव्या वर्षी मोहरे द्यायला भीती वाटत नाही ही चांगलीच गोष्ट आहे, ती भीती नंतर आपोआप येते. फक्त एक सवय लावा. तिने बलिदान केलं की रागावू नका, कौतुकही करू नका. डाव संपल्यावर तिच्याजवळ बसा आणि तुम्हाला बुद्धिबळ येत नसलं तरी विचारता येईल असा एकच प्रश्न विचारा : बाळा, हे चाललं होतं तेव्हा तुझे बाकीचे मोहरे काय करत होते? आणि आज जे चित्र सांगितलं, चोविसाव्या चालीनंतरचं, ते तिला मांडून द्या. उत्तर सांगू नका. ती आधी सगळे शह देऊन बघेल, बघू द्या. शह संपले की तिची नजर कधीतरी डी१ वर जाईल. त्या क्षणी तुम्ही तिथे असा, एवढंच.